कुत्र्याने ओढावयाची गाडी आणि रायपूरचे ऊन

"काका, उन्हाळ्याची सुटी लागली की मोतीला स्कूटरला जुंपून भाट्यावर न्यायचं ठरवलंय आम्ही," असे आमच्या शेजारच्या मुलाने फाल्गुनातील एका संध्याकाळी मला सांगितले. परदेशांत चालणाऱ्या अशा शर्यतींची चित्रे त्याने पाहिली होती. दोरी, पट्टे आणि जुनी चाके ह्यांची जुळवाजुळवही सुरू झाली होती. मोती हा त्याच्या घरचा, पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलेला, अंगापिंडाने चांगला भरलेला चार वर्षांचा कुत्रा. मुलाच्या बेतात एका शब्दाखेरीज वावगे असे काही नव्हते; तो शब्द म्हणजे 'उन्हाळ्याची'. त्या एका शब्दापायी मोतीच्या जिवावर बेतू शकेल, हे त्याला कसे पटवावे ह्या विचारातून पुढील मजकूर सिद्ध झाला आहे.

प्रथम ह्या वाहनाविषयी. स्कूटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंजिनाची दुचाकी उभी राहते. येथे अभिप्रेत असलेली स्कूटर तशी नव्हे. तिला इंजिन नाही, पेडल नाहीत आणि बसावयास आसनही नाही. लहान मुले एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्या पायाने जमीन रेटीत जी खेळण्यातली गाडी पळवितात, तिचीच ही थोरली बहीण होय. सायकलीसारखी हवा भरलेली दोन चाके, त्यांवर खाचाखळग्यांना दाद न देणारे जाड टायर, दोन्ही चाकांस भक्कम ब्रेक आणि मध्ये उभे राहण्यापुरती ठेंगणी फळी, एवढाच तिचा संसार. पुढच्या बाजूस मुठीच्या दांड्याखाली दोरी बांधतात. दोरी सैल पडून चाकात गुंतू नये म्हणून एक आखूड दांडी पुढे काढलेली असते, आणि कुत्र्यास हिसका बसू नये म्हणून दोरीत ताणला जाणारा रबरी तुकडा घातलेला असतो. भाषांतरकाराच्या सवयीप्रमाणे ह्या वाहनास 'श्वानशकटिका' असे नाव द्यावे, असा मोह मला झाला होता. परंतु ते नाव ऐकून मुले हसतील आणि कुत्रा ओळखणार नाही, म्हणून स्कूटर हाच शब्द ठेविला आहे.

चालक हा ह्या गाडीवरील नुसता उतारू नव्हे. चढण लागली किंवा रेताड जमीन आली की त्याने एका पायाने जमीन रेटून कुत्र्याचा भार हलका करावयाचा असतो. चढण अवघड असल्यास खाली उतरून कुत्र्यासोबत धावावयाचे असते. उतारावर त्याचा हात ब्रेकवरून हलता कामा नये, कारण गाडी कुत्र्यापेक्षा वेगाने उतरू लागली तर ती त्याच्या मागच्या पायांवर जाऊन आदळते. दोरी सदैव ताठ राहिली पाहिजे, आणि ती ताठ ठेवण्याचे काम कुत्र्याइतकेच चालकाचेही आहे.

ह्या खेळाचे माहेर बर्फाच्या प्रदेशात आहे. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया येथे घसरगाड्या ओढणारे कुत्रे हिवाळ्यापूर्वी, बर्फ पडण्याआधी, कसास लावावे लागत. त्यासाठी शरदात त्यांना चाकांच्या गाड्यांना जुंपण्याची रीत पडली, आणि पुढे हा सराव स्वतःच एक खेळ होऊन बसला. आता आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक स्पर्धांत बर्फाविना होणाऱ्या शर्यतींचा स्वतंत्र वर्ग आहे: कुत्र्यास कमरेला बांधून धावणे, सायकल, तीन चाकांची गाडी आणि आपली ही स्कूटर. ओढण्याच्या कामी कुत्रा किती समर्थ आहे ह्याची साक्ष १९२५ सालच्या एका घटनेने जगास पटली. अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ उद्भवली असता, सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर वीस चालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने तोडून साडेपाच दिवसांत प्रतिविष गावात पोहोचविले. लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावणारा कुत्रा दिवसाकाठी दहा हजार किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा खर्चितो, असे मोजमापांवरून आढळले आहे. मोठ्या माणसाच्या नित्याच्या आहाराच्या हे चौपट-पाचपट होय, आणि त्या कुत्र्याचे वजन मात्र माणसाच्या निम्मेही नसते.

म्हणजे प्रश्न बळाचा नाही. नोमच्या कुत्र्यांचे स्नायू आणि मोतीचे स्नायू एकाच धाटणीचे आहेत. फरक आहे तो सभोवतालच्या हवेचा.

स्नायू हे यंत्र काही फार काटकसरी नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा किंवा पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, उरलेली सारी उष्णता होते. आपण एक ढोबळ हिशेब करून पाहू. गाडी आणि तीवरील मुलगा मिळून वजन ऐंशी-नव्वद किलोग्रॅम धरले, तर कठीण मातीच्या सपाट वाटेवर ती ओढण्यास सुमारे अडीच किलोग्रॅम वजनाइतका जोर सतत लावावा लागेल. ताशी चौदा-पंधरा किलोमीटर वेगाने धावत हा जोर लावणे म्हणजे शंभर वॅटचे काम होय. ते करताना तीनशे ते चारशे वॅट उष्णता निर्माण होईल. त्याखेरीज पंचवीस किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यास स्वतःचे शरीर त्या वेगाने पळविण्यासाठी जो खर्च येतो त्याचीही उष्णता जवळजवळ तेवढीच. एकूण सातशे वॅट झाले. घरातील विजेची इस्त्री बहुधा ७५० वॅटची असते. तेव्हा धावणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एक तापलेली इस्त्री ठेविली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? पंचवीस किलोग्रॅम वजनाच्या शरीराचे तापमान सुमारे दोन मिनिटांत एक अंश सेल्सियसने चढेल. निरोगी कुत्र्याचे तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असते. ४१ अंशांपुढे धोका सुरू होतो. ४३ अंशांच्या आसपास यकृत, मूत्रपिंडे, आतडी आणि मेंदू ह्यांच्या पेशींची जी हानी होते ती बहुधा भरून येत नाही. सुरक्षित आणि घातक ह्या दोहोंमधील अंतर चार-पाच अंशांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा मिनिटांच्या धावेचे. अर्थात शरीर स्वस्थ बसत नाही. ते उष्णता बाहेर टाकीतच असते. पण ती कोणत्या मार्गाने टाकते, ह्यावरच सारे अवलंबून आहे.

माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लक्ष स्वेदग्रंथी असतात आणि सर्वांगास घाम येतो. कुत्र्यास अशा ग्रंथी केवळ पंजांच्या गाद्यांत आहेत, आणि त्यांचा थंडाव्यासाठी उपयोग नाममात्र. त्याची सारी भिस्त धापेवर असते. धाप म्हणजे थकव्याचे लक्षण असे आपण मानतो. कुत्र्याच्या बाबतीत ते शीतकरणाचे यंत्र आहे. स्वस्थ असताना मिनिटास वीस-तीस वेळा होणारा त्याचा श्वास धापेच्या वेळी एकदम तीनशेच्या वर जातो. मधल्या पायऱ्या तो जवळजवळ घेतच नाही, आणि ह्यामागे मोठे मौजेचे कारण आहे. छातीचा पिंजरा आणि फुप्फुसे ही लवचिक असल्यामुळे त्यांची हेलकाव्याची स्वतःची अशी एक गती असते. झोपाळ्याला त्याच्या स्वाभाविक हेलकाव्याच्या तालावर हलकेच रेटा दिला तर तो थोड्या श्रमात उंच जातो. ताल सोडून रेटीत राहिल्यास दमछाक होते. कुत्रा धापतो तो नेमका आपल्या छातीच्या तालावर, असे १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आले. असे नसते तर धापण्याच्या श्रमानेच अधिक उष्णता निर्माण होऊन सारा व्यापार तोट्यात गेला असता.

दुसरी गोष्ट नाकाची. प्राणिशरीरांच्या कार्याचे थोर अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७० साली दाखवून दिले की, धापणारा कुत्रा हवा नाकाने आत घेतो आणि बहुतांशी तोंडाने बाहेर टाकतो. कुत्र्याच्या लांब नाकाच्या आत पातळ हाडांच्या असंख्य गुंडाळ्या असून त्यांवर ओलसर त्वचेचे अस्तर आहे. त्यांवरून हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि खालचे रक्त थंड होते. हीच हवा नाकानेच परत गेली असती तर बाहेर जाताना तिने ती उष्णता आणि तो ओलावा पुन्हा नाकास परत केला असता. तोंडाची वाट धरल्यामुळे दोन्ही शरीराबाहेर जातात. नाकाच्या अंतर्भागी एक ग्रंथी ह्या कामासाठी पाणी पुरविते. माणसात स्वेदग्रंथी जे कार्य करितात तेच ही करिते. पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत ह्या गुंडाळ्यांना जागाच उरलेली नाही. त्यांना कोणत्याही ऋतूत गाडीस जुंपू नये.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. आपल्या इस्त्रीची सारी उष्णता अशा रीतीने घालवावयाची तर मिनिटास सतरा ग्रॅम, म्हणजे तासाला एक लिटर पाणी लागेल. एवढे पाणी शरीराने द्यावयास हवे आणि हवेने घ्यावयासही हवे. श्रावणातील रायपूरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. ती आणखी घेत नाही. कुत्रा मिनिटास तीनशे वेळा धापत राहतो आणि थंड होत नाही. पावसाळ्यात तापमापक २८ अंश दाखवितो म्हणून निर्धास्त होणारे मालक येथे फसतात.

ह्यासाठी परदेशी शौकिनांत एक सोपा नियम रूढ आहे. हवेचे तापमान फॅरनहाइट अंशांत घ्यावे, त्यात आर्द्रतेचे शेकडा प्रमाण मिळवावे, आणि बेरीज १५० च्या वर गेल्यास कुत्र्यास काम देऊ नये. नियम ऐकावयास बरा वाटतो. रायपूरला तो लावून पाहू. जुलै महिन्यातील सकाळ: २८ अंश सेल्सियस म्हणजे ८२ फॅरनहाइट, आर्द्रता ८८, बेरीज १७०. काम बंद; योग्यच. डिसेंबरातील पहाट: १४ अंश म्हणजे ५७, आर्द्रता ७५, बेरीज १३२. काम चालू, हेही योग्य. आता वैशाखातील दुपार: ४२ अंश म्हणजे १०८, हवा कोरडी ठाक, आर्द्रता २०, बेरीज १२८. नियमाप्रमाणे वैशाखातील दुपार पौषातील पहाटेहून बरी ठरली! बेरजेत चूक नाही. चूक आहे ती नियमाच्या जन्मस्थानात. ज्या मुलुखात हवा कुत्र्याच्या अंगाहून गरम होण्याचा प्रसंग क्वचितच येतो, तेथे तो घडविला गेला. हवा अंगाहून थंड असते तोवर वाफेखेरीज वाऱ्याने आणि प्रारणानेही उष्णता निघून जाते. रायपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या घरात असते. अशा वेळी कुत्र्याचे अंग हवेहून थंड असते, आणि उष्णता बाहेरून आत शिरू लागते. इस्त्री आत असतेच, वर बाहेरूनही निखारे. परक्या मुलुखातला आडाखा आपल्या अंगणात वापरण्यापूर्वी तो असा घासून घ्यावा लागतो.

आपल्या देशातील कायदाकर्त्यांना ही गोष्ट उमगली होती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने कोणत्याही प्राण्यास अतिरेकी हाकणे वा लादणे हा अपराध ठरविला. आणि ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांनुसार तापमान ३७ अंशांहून अधिक असल्यास दुपारी बारा ते तीन ह्या वेळात त्यांना कामास जुंपता येत नाही. ते नियम बैल, रेडा, घोडा, उंट अशा जनावरांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. बैल आणि घोडा ह्यांना तर घामही येतो. मग कुत्र्यासाठी मर्यादा त्याहून किती खाली हवी, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. लंडनच्या रस्त्यांवर कुत्र्यांच्या गाड्यांना १८३९ च्या कायद्याने मनाई झाली आणि १८५४ साली ती देशभर लागू झाली. तेथे तर ऊन हे कारणही नव्हते.

मग रायपुरात हा खेळ मुळीच नको काय? तसे नाही. मार्गशीर्ष आणि पौष ह्या दोन महिन्यांत येथील पहाटेचे तापमान १३ अंशांच्या आसपास उतरते. सूर्य साडेसहानंतर उगवतो. उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंतचा वेळ आपला. पंधरा अंशांच्या आत पंधरा-वीस मिनिटांची धाव, मध्ये विश्रांती. वीस अंशांच्या वर गाडी नको, नुसते फिरावयास जावे. हा आकडा माझा, सावधगिरीचा आहे. अनुभवी पशुवैद्य कुत्रा पाहून तो आणखी खाली आणील.

जमिनीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीची भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी वर्गवारी करितो. कन्हार म्हणजे काळी, पावसाने चिकट होणारी आणि उन्हात भेगाळणारी. मटासी ही धानाची पिवळसर जमीन. भाटा मात्र उंचावरची, तांबडी, मुरमाड, शेतीस फारशी न मानवणारी. आणि म्हणूनच मोकळी. चाकांना ती उत्तम. पंजांना मात्र तितकी नव्हे: तिचे जांभ्याचे खडे धारदार असतात. नव्या कुत्र्याच्या गाद्या एका फेरीत सोलून निघू शकतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर चारही पंजे उलटून पाहावे, किंवा जाड कापडाचे मोजे घालावे. डांबरी रस्ता तर वर्ज्यच. उन्हाळी दुपारी तो हवेहून पुष्कळ अधिक तापतो. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर त्यावर कुत्र्यास चालविणेही नको.

आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. भाट्याच्या कडेला गाव असते आणि गावाला कुत्री असतात. परका कुत्रा दिसताच ती टोळीने धावून येतात. मोकळा कुत्रा पळून जातो किंवा शेपूट घालून सुटका करून घेतो. साजात बांधलेला कुत्रा ह्यांपैकी काहीच करू शकत नाही. तेव्हा वाट आधी पायी फिरून पाहावी, आणि अलर्क रोगाची लस कुत्र्यास टोचलेली असल्याखेरीज बाहेर पडूच नये. गोचिडींचेही तसेच. गोचीडतापाने कुत्र्याच्या रक्ताची प्रत उतरते आणि वरून धडधाकट दिसणारा प्राणी पहिल्याच चढणीवर कोसळतो.

कुत्रा कोणता असावा? हौसेने शहरांत पाळले जाणारे हस्की दुहेरी, दाट लोकरीचे असतात. ओढण्याची त्यांची हौस खरी, पण आपल्या हवेत ती हौसच त्यांचा घात करिते, कारण असा कुत्रा थांबण्याची वेळ स्वतः ओळखीत नाही. आखूड केसांचा, लांब नाकाचा, सडपातळ असा साधा गावठी कुत्रा ह्या दृष्टीने सरस. मुधोळच्या शिकारी कुत्र्याचा मान मोठा आहे. घोरपड्यांच्या मराठी संस्थानात ही जात जोपासली गेली आणि २००५ साली टपाल तिकिटावरही झळकली. परंतु तो पडला क्षणभर वाऱ्यासारखा पळणारा, सशामागचा धावपटू. सतत ओझे ओढणे हा त्याचा स्वभाव नव्हे. वय दीड वर्षाच्या आत असल्यास हाडांची वाढ पुरी झालेली नसते, तोवर कोणासही जुंपू नये.

साज गळ्याला कदापि नको. ओढीचा भार छातीच्या हाडावर आणि खांद्यांवर पडून पाठीवरून मागे जावयास हवा. गळ्यातील पट्ट्याने ओढविल्यास श्वासनलिका दाबली जाते, म्हणजे ज्या वाटेने थंडावा यावयाचा तीच बंद होते. इशाऱ्यांचे शब्दही विचारपूर्वक निवडावे. 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' ह्यांचा शेवट सारखा असल्याने कुत्र्याचा गोंधळ उडतो. इंग्रज गाडीवानांचे 'जी' आणि 'हॉ' किती वेगळे ऐकू येतात पाहा. आपणही असेच दोन आखूड, न मिळतेजुळते शब्द ठरवावे.

एवढे करूनही संकट ओढवलेच तर त्याची चिन्हे ठाऊक हवीत. दोरी सैल पडू लागते. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, पाय अडखळतात, ओकारी होते. ह्यांपैकी काही दिसताच गाडी तेथेच टाकावी, कुत्र्यास सावलीत न्यावे आणि सर्वांगावर गार पाणी ओतीत वारा घालावा. थंड पाण्याने अपाय होतो हा जुना समज पशुवैद्यकाने आता सोडून दिला आहे. ओले फडके अंगावर पांघरून ठेवू नये, ते उष्णता कोंडते. आधी थंड करावे आणि मगच दवाखान्याकडे निघावे. वाटेत गेलेली दहा मिनिटे पुष्कळदा निर्णायक ठरतात. म्हणून गाडीवर पाण्याचे पाच लिटरचे डबडे असल्यावाचून निघू नये. त्याचे वजन कुत्र्याला ओढावे लागते, हे खरे. चालकाने तेवढा पाय अधिक रेटावा.

हे सारे त्या मुलाला मी तीन-चार संध्याकाळी थोडेथोडे सांगितले. इस्त्रीचा हिशेब त्याने पुन्हा स्वतः करून पाहिला, माझी एक चूकही काढली. मग हिरमुसून म्हणाला, "काका, म्हणजे सुटीत काहीच करायचं नाही? आणि थंडीत तर शाळा सकाळची असते." अडचण खरी होती. सुटी माणसाच्या सोयीने पडते आणि कुत्र्याचा हंगाम नेमका तिच्या उलट येतो. शेवटी असे ठरले की, उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर अंगणातच मोतीला रिकामा साज घालावयाचा, दोन शब्द शिकवावयाचे. दिवाळीनंतर एक हलके लाकूड ओढावयास द्यावयाचे. आणि पौषातल्या रविवारी पहाटे गाडी.

तूर्त मुलाने भिंतीवर एक तापमापक टांगला आहे. रोज सकाळी साडेसहाला तो त्यातला आकडा वहीत उतरवून घेतो. मोती त्या वेळी नळाजवळच्या ओल्या मातीत पोट टेकून, पाय पसरून पडलेला असतो.